चिप अजून किती बारीक होणार? दुरुस्तीच्या टेबलावर पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न

सांगलीच्या गावभागात माझं दुरुस्तीचं दुकान आहे. सुरुवात रेडिओ-टेपनं झाली, मग कलर टीव्ही आले, आता मोबाइल आणि लॅपटॉप. कामाचे तास तेवढेच राहिले, वस्तू मात्र बारीक होत गेल्या. आधी चष्मा लागला, मग भिंग, आता मायक्रोस्कोप. फोन उघडून ठेवला की समोरचं गिऱ्हाईक काहीतरी विचारतंच, आणि हातात हॉट एअर गन असताना मान वर करून उत्तर देणं धोक्याचं. म्हणून नेहमीचे प्रश्न इथं लिहून ठेवतोय. विचारणाऱ्यांची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.

चिप म्हणजे मोबाइलमध्ये घालतो तीच ना, बत्तीस जीबीची?

ते मेमरी कार्ड. आपल्याकडे त्यालाच चिप म्हणायची पद्धत पडली, आणि ते अगदीच चूक नाही, कारण त्या प्लास्टिकच्या आतही चिप असतेच. पण इथं बोलतोय ते बोर्डावरच्या काळ्या चौकोनांबद्दल, ज्यांना आम्ही आयसी म्हणतो. काळं दिसतं ते वरचं आवरण. आत सिलिकॉनचा पातळ तुकडा असतो आणि त्यावर ट्रान्झिस्टर कोरलेले असतात.

ट्रान्झिस्टर काय करतो? उसाला पाणी पाजताना दारं धरतात ना, तेच. एका सरीचं दारं मोडायचं, दुसरीचं बांधायचं. पाण्याच्या जागी वीज, आणि खोऱ्याच्या जागी दुसरी बारीकशी वीज, जी हे दारं उघडते किंवा बंद करते. उघडं म्हणजे १, बंद म्हणजे ०. फोटो, व्हिडिओ, हिशेब, सगळं या दोनांतूनच उभं राहतं.

एका चिपवर अशी दारं असतात तरी किती?

१९७१ साली इंटेलनं ४००४ नावाचा प्रोसेसर काढला, त्यावर सुमारे २,३०० ट्रान्झिस्टर होते. ॲपलच्या २०२० च्या एम१ चिपवर १,६०० कोटी आहेत. पण चिपा आकारानंही मोठ्या झाल्यात, तेव्हा जागेचा हिशेब काढायला हवा. ४००४ ची चिप १२ चौरस मिलिमीटरची, म्हणजे एका चौरस मिलिमीटरला १९० च्या आसपास. एम१ सुमारे १२० चौरस मिलिमीटरची, म्हणजे तेवढ्याच जागेत १३ कोटींहून जास्त. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्राची लोकसंख्या ११ कोटी २४ लाख होती. मोहरीचा दाणा टेकला की जेवढी जागा झाकली जाते, तेवढ्यात अख्खा महाराष्ट्र बसवून वर दोन कोटी पाहुणे.

जाहिरातीत '३ नॅनोमीटरची चिप' म्हणतात. त्यात ३ नॅनोमीटरचं काय असतं?

काही नसतं. हे ऐकून लोक माझ्याकडे संशयानं बघतात, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

आधी नॅनोमीटर. एका मिलिमीटरचे दहा लाख भाग केले तर त्यातला एक. डोक्याचा केस साधारण ८०,००० नॅनोमीटर जाड असतो. बोटाचं नख सेकंदाला अंदाजे १ नॅनोमीटर वाढतं, म्हणजे हा परिच्छेद वाचेपर्यंत तुमचं नख 'दहा-पंधरा नॅनोमीटरनं' पुढे गेलेलं असेल.

पूर्वी चिपच्या पिढीला जो आकडा लावत, तो खरंच ट्रान्झिस्टरच्या एका भागाची लांबी असायचा. ४००४ ची पिढी १०,००० नॅनोमीटरची, आणि तिथं तेवढं माप होतं. १९९० च्या दशकापर्यंत हे नातं कमीजास्त टिकलं. पुढे नाव एका वाटेनं गेलं आणि माप दुसऱ्या. आज '३ नॅनोमीटर' म्हणवणाऱ्या चिपवर एका ट्रान्झिस्टरच्या गेटपासून (गेट म्हणजे दारं उघडबंद करणारा भाग) शेजारच्या गेटपर्यंत ४८ नॅनोमीटरच्या आसपास अंतर असतं. आपल्या शंभर फुटी रोडवर टेप घेऊन कुणी शंभर फूट मोजायला जात नाही. ते रस्त्याचं नाव आहे. तसंच हे.

गंमत म्हणजे कंपन्याच ही गोष्ट लपवत नाहीत. इंटेलनं २०२१ मध्ये आपल्या १० नॅनोमीटरच्या सुधारित पिढीला सरळ 'इंटेल ७' असं नवं नाव दिलं, कारण दुसऱ्यांच्या ७ नॅनोमीटरवाल्या चिपांइतकीच दाटी त्यांच्या १० वर होती. आकडा खाली आला, चिप तीच राहिली. तेव्हा दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे आकडे शेजारी ठेवून 'हा ४ चा, तो ५ चा' असं भांडू नका. एकाच कंपनीच्या लागोपाठच्या दोन पिढ्यांची तुलना मात्र कामाची असते.

एवढं असूनही ४८ नॅनोमीटरपर्यंत पोचणं ही काही साधी गोष्ट नाही. एका केसाच्या रुंदीत दीड हजारांवर गेट बसतात.

बारीक करून एवढं मिळतं काय?

दोन गोष्टी. पहिली, तेवढ्याच सिलिकॉनच्या तबकडीतून जास्त माल निघतो, म्हणून एकेक ट्रान्झिस्टर स्वस्त पडतो. दुसरी, दारं लहान असलं की ते उघडायला ताकद कमी लागते. वीज वाचते आणि चिप तापत नाही. १९७४ मध्ये आयबीएमच्या रॉबर्ट डेनार्डनं याचं गणितच मांडलं होतं: ट्रान्झिस्टर लहान करा, त्याच प्रमाणात व्होल्टेज उतरवा, म्हणजे तेवढ्या जागेतली उष्णता वाढणार नाही आणि वेग मात्र वाढेल.

तीस वर्षं हे फुकटच्या जेवणासारखं चाललं. पुढचा प्रश्न त्याच जेवणावळीचा आहे.

मग लॅपटॉपचा गिगाहर्ट्झ वाढायचा का थांबला? दहा वर्षांपूर्वीही तीन-चारच होता की.

बरोबर पकडलंत. गिगाहर्ट्झ म्हणजे चिपच्या वेगाचं माप, हजार मेगाहर्ट्झचा एक गिगाहर्ट्झ. १९९३ चा पहिला पेंटियम ६० मेगाहर्ट्झचा. (त्याच्या घडणीत मोठा वाटा असलेले विनोद धाम जन्मानं पुण्याचे.) २००४ पर्यंत पेंटियम ४ हा ३.८ गिगाहर्ट्झवर पोचला. अकरा वर्षांत साठ पटींहून जास्त! आणि त्यानंतरच्या वीस वर्षांत? दुप्पटही नाही.

कारण डेनार्डचं गणित २००५ च्या सुमाराला फसलं. ट्रान्झिस्टर लहान होत राहिले, पण व्होल्टेज एका मर्यादेखाली उतरवता येईना. बांध फार पातळ झाला की दारं बांधलेलं असलं तरी पाणी पाझरतं. तसं बंद ट्रान्झिस्टरमधूनही वीज पाझरू लागली आणि त्या पाझराचीच उष्णता व्हायला लागली. मग कंपन्यांनी एक घोडा जोरात पळवण्याऐवजी चार घोडे जोडले, म्हणजे एकाच चिपवर अनेक प्रोसेसर; त्यातला एकेक म्हणजे कोअर. ड्युअल कोअर, क्वाड कोअर, ऑक्टा कोअर हे शब्द तेव्हापासून तुमच्या कानावर आले.

इतकी बारीक रेघ काढतात कशानं?

उजेडानं. छाप्याची रांगोळी पाहिलीय ना? जाळी ठेवायची, वरून रांगोळी पसरायची, जाळी उचलली की नक्षी तयार. चिप अशीच बनते. जाळीच्या जागी मास्क, रांगोळीच्या जागी प्रकाश, आणि खाली सिलिकॉनच्या ३०० मिलिमीटर व्यासाच्या तबकडीवर प्रकाशानं बदलणारा लेप. लेपाचा हवा तो भाग धुवून काढायचा, उघड्या पडलेल्या जागी कोरायचं, भरायचं, आणि वर पुढचा थर. एका चिपला असे कितीतरी थर लागतात आणि पूर्ण व्हायला महिने जातात.

आता रांगोळी जाडीभरडी असेल तर बारीक रेघ उमटेल का? प्रकाशाचंही तेच आहे. त्याची तरंगलांबी हा त्याचा 'दाणा'. कित्येक वर्षं १९३ नॅनोमीटरच्या अतिनील प्रकाशावर काम चाललं. भिंग आणि तबकडी यांच्यामध्ये पाणी ठेवून आणि एकच नक्षी दोन-तीन खेपांत थोडी सरकवून छापून त्याच दाण्यातून कमालीच्या बारीक रेघा काढल्या गेल्या. ही जुगाडाची परंपरा फक्त आपलीच आहे असं समजू नका.

शेवटी दाणाच बदलावा लागला. नेदरलँड्समधल्या एएसएमएल या कंपनीनं १३.५ नॅनोमीटरच्या प्रकाशाचं यंत्र बनवलं. जगात असं यंत्र विकणारी तेवढी एकच कंपनी आहे. हा प्रकाश मिळवायची रीत ऐकून मी दोनदा खात्री करून घेतली होती. निर्वात पोकळीत वितळलेल्या कथिलाचे थेंब सोडतात, सेकंदाला ५०,०००. पडणाऱ्या प्रत्येक थेंबावर लेसरचे दोन तडाखे बसतात. पहिल्यानं थेंब पापडासारखा चपटा होतो, दुसऱ्यानं त्याचा प्लाझ्मा, म्हणजे विजेचे कण सुटे झालेला तप्त वायू, होतो आणि त्यातून हा प्रकाश निघतो. मी रोज सोल्डरिंगला वापरतो तेच कथिल! हा प्रकाश काच गिळते, हवाही गिळते. म्हणून सगळं काम निर्वातात आणि भिंगांऐवजी आरशांवर. या यंत्राची सगळ्यांत नवी आवृत्ती ३५ कोटी युरोच्या घरात जाते. आता कळलं ना, जगात असे कारखाने हाताच्या बोटांवर मोजण्याइतके का?

अजून किती बारीक होईल? कुठंतरी थांबणार की नाही?

नुसतं आखडत जाणं जवळजवळ थांबलंच आहे. आता घडण बदलतेय.

आधी ट्रान्झिस्टर जमिनीवर आडवा पसरलेला असायचा आणि गेट त्याला वरून दाबायचं. पाण्याचा पाइप पायानं दाबल्यासारखं. जरा बाजूनं निसटतंच. मग वीज जाणारी वाट माशाच्या पाठीवरच्या परासारखी उभी केली आणि गेटनं तिला तिन्ही बाजूंनी धरलं. इंटेलनं हे २२ नॅनोमीटरच्या पिढीत २०११-१२ च्या सुमाराला बाजारात आणलं. त्यापुढची पायरी म्हणजे पाइप मुठीत आवळणं: चारही बाजूंनी गेट. सॅमसंगनं २०२२ मध्ये ते सुरू केलं, तैवानची चिप बनवणारी कंपनी टीएसएमसी आपल्या २ नॅनोमीटरच्या पिढीत तिथं आली आहे.

पण सिलिकॉनच्या शेजारच्या दोन अणूंत पाव नॅनोमीटरच्या जवळपास अंतर असतं. आजच ती उभी पात पाच ते सात नॅनोमीटर जाडीची आहे, म्हणजे वीस-तीस अणू. याहून खाली गेलं की इलेक्ट्रॉन नियमच पाळत नाही. बांध न चढता, न फोडता तो पलीकडे सापडतो. हा पाझर मातीच्या बांधासारखा नाही, बांध कितीही घट्ट असला तरी तो पातळ आहे एवढंच त्याला पुरतं.

म्हणून शहरात जागा संपली की करतात तेच इथं चाललंय, मजले चढवायचे. मेमरीच्या चिपा एकावर एक रचून मधून उभ्या तारा घालतात. एआयच्या मोठ्या चिपांशेजारी अशाच मेमरीच्या चळती असतात. दुसरं, एक भली मोठी चिप करण्याऐवजी चार लहान तुकडे करून जोडायचे. एक तुकडा बिघडला तर तेवढाच टाकायचा. तिसरं, वीज पुरवणाऱ्या तारा चिपच्या पाठीमागून न्यायच्या, म्हणजे पुढची बाजू निरोपांसाठी मोकळी. आणि प्रयोगशाळांत सिलिकॉनच सोडून द्यायचा विचार चाललाय: मॉलिब्डेनम डायसल्फाइडचा एक थर फक्त ०.७ नॅनोमीटर जाड असतो. कार्बनच्या नळ्यांपासून प्रोसेसर तर एमआयटीनं २०१९ मध्येच करून दाखवला, १६ बिटांचा, चौदा हजारांवर ट्रान्झिस्टरांचा. चालला. पण १,६०० कोटींच्या पुढे चौदा हजार म्हणजे अजून बराच पल्ला आहे.

मूरचा नियम म्हणतात तो मेला का?

इंटेलच्या संस्थापकांपैकी एक असलेल्या गॉर्डन मूरनं १९६५ मध्ये लिहिलं की चिपवरचे घटक दरवर्षी दुप्पट होतायत, आणि १९७५ मध्ये स्वतःच ते दोन वर्षांवर आणलं. हा निसर्गाचा नियम कधीच नव्हता, धंद्याचा अंदाज होता. पुढे कंपन्यांनी त्यालाच वेळापत्रक मानलं. संख्या अजून वाढतेय, रमतगमत. पण दर पिढीला ट्रान्झिस्टर स्वस्त व्हायचा, ते आता तसं राहिलेलं नाही, आणि माझ्या मते खरा बदल हा आहे.

दोन हजाराच्या नोटेत चिप होती, हे खरं का हो?

२०१६ च्या नोव्हेंबरात हा प्रश्न मला दिवसाला दहा वेळा यायचा. नव्या नोटेत जीपीएसची चिप आहे आणि जमिनीत पुरलेली नोटही ती उपग्रहाला कळवते, अशी अफवा होती. एका गृहस्थांनी नोट मायक्रोस्कोपखाली ठेवायला लावली. चिप नव्हती. रिझर्व्ह बँकेनं सांगितलेल्या सुरक्षा-खुणांतही नव्हती. २०२३ मध्ये नोटच चलनातून मागे घेतली, पण प्रश्न अजून येतो.

चिप एवढी लहान बनते का? हो, बनते. अडचण दुसरीकडे आहे. जीपीएसचे उपग्रह २०,२०० किलोमीटरवर असतात. तिथून आलेला निरोप चिप फक्त ऐकते, उलटा निरोप पाठवायला बॅटरी लागते, अँटेना लागतो. कागदाच्या जाडीत दोन्ही बसवायचं आणि वर तो निरोप जमिनीखालून यायचा, हे होत नाही.

खरी बिनबॅटरीची चिप बघायची असेल तर गाडीच्या काचेवरचा फास्टॅग बघा. टोलनाक्यावरचं यंत्र लहरी सोडतं, त्याच लहरींवर ती चिप क्षणभर जागी होते आणि आपला नंबर सांगते. काही मीटरांवरून, बस्स. आतली चिप खसखशीएवढी, बाकी सगळा पसारा अँटेनाचा. चिपा कितीही बारीक झाल्या तरी अँटेना आणि बॅटरी त्या प्रमाणात बारीक होत नाहीत, हे एवढं लक्षात ठेवलं तर व्हॉट्सॲपवरचे निम्मे निरोप आपोआप निकालात निघतात.

लशीतून चिप घालतात म्हणे?

नाही. पण सुईतून जाईल अशी चिप खरंच आहे. कोलंबिया विद्यापीठानं २०२१ मध्ये ०.१ घन मिलिमीटरहून लहान चिप केली. ती शरीराचं तापमान मोजते. तिला वीज मिळते सोनोग्राफीच्या लहरींतून, म्हणजे सोनोग्राफीचं यंत्र अंगाला टेकवलं तरच ती बोलणार. चोरून कुणी वाचेल असला प्रकार नाही तो.

मग दवाखान्यात याचा उपयोग कधी होणार?

कधी काय, सुरू आहे. मिरजेला दवाखान्यांची कमी नाही, तिथल्या कुणाही हृदयरोगतज्ज्ञाला विचारा. पूर्वीचा पेसमेकर छातीच्या कातडीखाली, त्याच्या तारा हृदयात. २०१६ मध्ये अमेरिकेच्या नियामकानं मान्यता दिलेला बिनतारेचा पेसमेकर २ ग्रॅमचा, औषधाच्या कॅप्सूलसारखा, मांडीच्या शिरेतून थेट हृदयात नेऊन बसवतात. गिळायचा कॅमेरा २००१ पासून आहे. दंडावर दोन आठवडे चिकटवून ठेवायचा साखर मोजणारा सेन्सर तर आमच्या गल्लीतच दोघांकडे आहे. पुढची पायरी म्हणजे कोलंबियासारख्या चिपा रक्तदाब, साखर, ऑक्सिजन आतूनच मोजतील, असं संशोधक म्हणतात. मला पटतं, फक्त तापमान मोजण्यापासून साखर मोजण्यापर्यंतची वाट लांब आहे. तापमानाला रक्तात हात घालावा लागत नाही.

माझी तासगावला द्राक्षबाग आहे. मला या ३ नॅनोमीटरचं काय?

थेट काही नाही. आणि हेच मला या पानावर सगळ्यांत मनापासून सांगायचंय.

बागेत उभं केलेलं हवामान यंत्र घ्या. तापमान, आर्द्रता, पाऊस, पानांवरचा ओलावा आणि मातीतलं पाणी मोजतं, सिमकार्डावरून फोनला कळवतं. फळछाटणीनंतर पाऊस लागला की डाऊनी या बुरशीच्या रोगाची भीती, आणि पान किती तास ओलं राहिलं यावर औषध मारायचं की थांबायचं हे ठरतं. या यंत्रातली मुख्य चिप बहुतेक वेळा ४० नॅनोमीटर किंवा त्याहूनही जुन्या पिढीची असते. कंजूषपणा म्हणून नव्हे. तिला दर दहा-पंधरा मिनिटांनी क्षणभर उठून मोजायचं आणि पुन्हा झोपायचं असतं. ट्रान्झिस्टर फार बारीक असेल तर तो झोपेतही पाझरतो आणि बॅटरी खातो. इथं जाड बांधच कामाचा.

लहान होण्याचा फायदा इथं वेगळ्या वाटेनं पोचला: अख्खी चिप लहान आणि स्वस्त झाली. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सनं मार्च २०२५ मध्ये १.३८ चौरस मिलिमीटरचा मायक्रोकंट्रोलर (लहान यंत्रं चालवणारी चिप) आणला, हजारांच्या घाऊक खरेदीत २० अमेरिकी सेंटला एक. मिशिगन विद्यापीठानं २०१८ मध्ये ०.३ मिलिमीटरचा संगणक केला होता, कारखान्यातल्या साखरेच्या दाण्याहूनही लहान. तो उजेडावर चालतो आणि वीज गेली की सगळं विसरतो.

त्यामुळे पुढच्या काही वर्षांत मला दिसतं ते असं. एकराला एक यंत्र असतं, तिथं ओळीओळीला सेन्सर येईल. कोल्ड स्टोरेजमध्ये बेदाण्याच्या थप्पीत मधोमध तापमान सांगणारी पट्टी ठेवता येईल. पानाचा फोटो बघून भुरी की डाऊनी हे इंटरनेटशिवाय जागेवरच सांगणारं यंत्र निघेल. कृष्णेची पातळी एकट्या आयर्विन पुलाऐवजी नाल्यानाल्यावर मोजता येईल, आणि पाणी मागच्या गल्लीत कधी शिरणार हे आधी कळेल.

पण एक सांगू का? चिप वीस सेंटची झाली तरी यंत्र वीस सेंटचं होत नाही. डबा, बॅटरी, सिमचा रिचार्ज, सोलर पट्टी, हा खर्च तसाच राहतो. माझ्याकडे दुरुस्तीला आलेल्या बागेतल्या यंत्रांत चिप गेलेली एकही नव्हती. दोनांची वायर उंदरांनी खाल्ली होती, एकावर वीज पडली होती आणि एकाच्या डब्यात मुंग्यांनी संसार मांडला होता.

भारतात चिप बनते का? सांगलीत असा कारखाना येईल का?

मोहालीत सरकारी कारखाना १९८० च्या दशकापासून आहे, १८० नॅनोमीटरच्या पिढीचा. इस्रोचा ३२ बिटांचा विक्रम प्रोसेसर तिथंच बनला आणि सप्टेंबर २०२५ मध्ये दिल्लीत दाखवला गेला. रॉकेटला एवढं पुरतं, कारण तिथं वेगापेक्षा भरवसा हवा. गुजरातेत धोलेऱ्याला टाटांचा कारखाना तैवानच्या पीएसएमसीच्या साथीनं उभा राहतोय, २८ ते ११० नॅनोमीटरच्या चिपांसाठी. लोक नाक मुरडतात, '२ च्या जमान्यात २८?' म्हणतात. त्यांनी २०२१ आठवावं. तेव्हा गाडीचं बुकिंग करून महिनोन् महिने थांबावं लागलं, ते जास्त करून असल्या जुन्या पिढीच्या चिपा मिळेनात म्हणून.

सांगलीत कारखाना येणार नाही. त्याला क्षणभरही न लपकणारी वीज लागते, अतिशुद्ध पाणी लागतं, हादरे चालत नाहीत. चिपचा आराखडा करणं मात्र संगणकावरचं काम आहे, ते विश्रामबागेत बसूनही होतं. इलेक्ट्रॉनिक्सला जाणाऱ्या पोरापोरींना मी सांगतो, व्हेरिलॉग (चिपचा आराखडा लिहायची भाषा) शिका, आणि एकदा तरी स्वतःच्या हातानं सोल्डरिंग करा. दुसऱ्यावर बरेच जण हसतात.

नवीन चिपचा फोन येतोय म्हणे. थांबू का?

बॅटरी टिकत नसेल तर आत्ताच घ्या, किंवा नुसती बॅटरी बदला. एका पिढीच्या फरकानं व्हॉट्सॲप आणि यूट्यूब बघणाऱ्याला काही जाणवत नाही.

पुराच्या पाण्यात बुडालेल्या फोनची चिप वाचते का?

बहुतेक वेळा वाचते. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विनला पाणी ५७ फुटांवर गेलं, माझंच दुकान बुडालं, आणि नंतर महिनाभर मी तेच काम केलं. चिपचं सिलिकॉन आवरणात बंद असतं, त्याला पाणी सहसा काही करत नाही. खराब होतात ते चिपखालचे सोल्डरचे गोळे आणि बोर्डावरच्या तांब्याच्या रेघा, आणि तेही बुडालेला फोन 'चालू होतो का बघू' म्हणून बटण दाबल्यावर जास्त. पुराचं पाणी गढूळ आणि क्षारांचं, त्यात वीज खेळली की गंज काही तासांत धरतो. फोन बंद ठेवा, चार्जर लावू नका, आणि तसाच ओला घेऊन या. फोन तांदळात पुरून सुकवायचा उपाय सांगतात, तो तांदूळ घरीच राहू द्या.